कोमावहिनीचं वाक्य

मालिकेत ती जिन्यावरून पडली त्याला तीन वर्षं होऊन गेली होती, आणि तेव्हापासून ती रोज सकाळी नऊच्या ठोक्याला कामावर जाऊन झोपत होती. मालिका दुपारी अडीचची, आठवड्यातून सहा दिवस. त्यात ती घरातली धाकटी सून. तिसऱ्या भागात लग्न करून आली, दारात उभी राहून "येऊ का आत?" एवढं म्हणाली, आणि चौथ्या भागात जिन्यावरून पडून कोमात गेली ती गेलीच. रस्त्यात लोक तिला ओळखायचे, कोमावहिनी म्हणायचे, आणि ती दोन पायांवर चालताना दिसली की जरा खट्टू व्हायचे. भाजीवाल्यानं तर एकदा तोंडावर विचारलं होतं, "तुम्हाला डॉक्टरांनी परवानगी दिली का?"

पडण्याचं कारण कथेत मोठ्या जाऊबाईंवर ढकललं होतं. खरं कारण लेखक होता. कोमावहिनी होती पलीकडच्या लोकांपैकी. पलीकडचे म्हणजे कशाच्या पलीकडचे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन-चारशे वर्षं ते याच शहरात, याच रस्त्यांवर राहत होते. पण ते मूठभर आणि बाकीचे ढीगभर, त्यामुळे पलीकडे कोण हे ठरवायचं काम बाकीच्यांकडे होतं. मालिकांमध्ये पलीकडची माणसं यायची ती दागिने चोरायला, बाळ पळवायला किंवा गोड बोलून दुधात काहीतरी कालवायला. मग एक दिवस चॅनेलच्या मनात आलं की आपण सुधारावं. एक चांगलं पलीकडचं पात्र लिहा, असा हुकूम सुटला. लेखक मनानं भला माणूस. त्यानं हौसेनं सून लिहिली, तिला मोठे डोळे दिले, सुस्वभाव दिला. चौथ्या भागात तिला नाश्ता करायचा होता, आणि तिथे गाडी अडली. ही माणसं सकाळी काय खातात हे त्याला माहीत नव्हतं. विचारलं तर अपमान होईल, न विचारता लिहिलं तर चूक होईल. दोन दिवस तो डोकं धरून बसला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं तिला जिन्यावरून ढकललं. बेशुद्ध माणसाला नाश्ता लागत नाही.

त्या दोन दिवसांत ती त्याच्यापासून दहा पावलांवर, चहाच्या टेबलाशी उभी राहून रोज पाव खात होती.

आता सुनेला कोमात ठेवून विसरून जावं, तर तेही जमेना. चॅनेलमध्ये एक बाई होत्या, त्यांना सगळे वैविध्यबाई म्हणत. प्रत्येक भागाचा एक छापील फॉर्म त्यांच्याकडे जायचा आणि त्यात एक चौकोन असायचा: पलीकडचं पात्र किमान सात सेकंद दिसलं का? चौकोनात खूण नसेल तर भाग पुढे सरकायचा नाही. म्हणून मग जिथे प्रसंग तिथे पलंग. पलंगाला चाकं लावली, आणि तो ढकलायला एक माणूस नेमला, पलंगदादा. नणंदेच्या लग्नात पलंग होता, फुलांनी सजवलेला. कारखान्याच्या सभेत लांब टेबलाच्या टोकाला पलंग होता, आणि सासऱ्यांनी हात वर करून मतं मोजली तेव्हा एकानं प्रामाणिकपणे विचारलं होतं की धाकट्या सूनबाई तटस्थ धरायच्या का. सहकुटुंब नौकाविहाराला गेले तेव्हाही होडीत पलंग होता. त्या दिवशी पलंगदादा हातपाय गाळून बसला, कारण त्याला पोहता येत नव्हतं आणि ती पलंगाला बांधलेली होती.

"पलंग आत!" दिग्दर्शक ओरडायचा, आणि ती डोळे मिटायची.

पलीकडच्या समाजाचं एक मंडळ होतं. त्याच्या अध्यक्षांनी तिचा भर सभेत सत्कार केला. भाषणात ते म्हणाले की आपलं एक पात्र सलग तीन वर्षं पडद्यावर आहे आणि त्यानं एकदाही चोरी केली नाही, विष घातलं नाही, कुणाकडे वाकड्या नजरेनं पाहिलंसुद्धा नाही. इतकं निष्कलंक पात्र आपल्या वाट्याला याआधी आलं नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. ती व्यासपीठावर उभी राहिली तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजीनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बसव गं तिला कुणीतरी, दमेल."

खरं सांगायचं तर ती दमली होतीच. पलंगावर पडण्याआधी अठरा वर्षं तिनं रंगभूमीवर काढली होती. माईक न लावता शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जाईल असा तिचा आवाज, आणि आता त्या आवाजानं गप्प राहण्याबद्दल तिला पगार मिळत होता. हे आठवलं की तिला पलंगावर पडल्या पडल्या रडू यायचं, आणि रडायची सोय नव्हती, कारण कोमात रडलं तर तो चमत्कार ठरतो आणि चमत्काराला लेखकाची परवानगी लागते.

संध्याकाळी घरी आली की दारातच ताईची सरबत्ती सुरू व्हायची. ताई तिच्याहून सोळा वर्षांनी मोठी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, जिभेला हाड नसलेली.

"काय गं धाकटे, आज काय काम केलंस? डावीकडे पडलीस की उजवीकडे?"

"सरळ."

"म्हणजे बढती झाली म्हणायची."

आत खुर्चीत आई बसलेली असायची. आई एक्क्याऐंशी वर्षांची. तिला घरची भाषा येत होती, जी पलीकडचे लोक आपापल्या दारांच्या आत बोलतात ती. बाहेरची भाषा तिला दुकानापुरती आणि डॉक्टरपुरती येई. मालिकेतलं तिला अक्षर कळत नसे. पण अडीचला ती चष्मा लावून बसायची, गर्दीत पलंग शोधायची, पांघरूण वरखाली होतंय का बघायची. सात सेकंद झाले की "श्वास नीट घेतेय" असं म्हणून टीव्ही बंद करायला सांगायची. त्या डब्यातून घरच्या भाषेतला एक शब्द तिनं जन्मात ऐकला नव्हता. बातम्यांत नाही, गाण्यांत नाही, साबणाच्या जाहिरातीत नाही. एकदा ती सहज म्हणाली होती, "आपली भाषा त्यात मावत नसेल."

हे ऐकल्यापासून धाकटीनं मनात एकच गोष्ट धरली होती. आई आहे तोवर त्या डब्यातून घरच्या भाषेत एक वाक्य बोलायचं. एकच. मग पुन्हा तीन वर्षं झोपवा, हरकत नाही.

आणि संधी चालून आली. हजारावा भाग जवळ आला, प्रेक्षक कंटाळले होते, आणि चॅनेलनं ठरवलं की हजाराव्या भागात कोमावहिनी शुद्धीवर येईल आणि एक वाक्य बोलेल. कोणतं वाक्य, ते ठरवायला बैठक बसली. लेखक, वैविध्यबाई, समाजाचे अध्यक्ष, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर, जागी असल्यामुळे कुणाच्याच लक्षात न आलेली ती.

लेखकानं घसा खाकरून पहिलं वाक्य वाचलं. "मला मोठ्या जाऊबाईंनी ढकललं."

"नको," वैविध्यबाई म्हणाल्या. "पलीकडच्या पात्रानं तोंड उघडताच आपल्या माणसावर आरोप? पत्रांचा पाऊस पडेल."

"बरं. 'मी तुम्हा सगळ्यांना माफ केलं.'"

"नेहमी आम्हीच का माफ करायचं?" अध्यक्ष म्हणाले.

"'पाणी द्या.'"

"तीन वर्षांनी तोंड उघडलं ते मागायला?"

"'मी कुठे आहे?'"

"म्हणजे आम्हाला आमची जागा कळत नाही, असं सुचवायचंय तुम्हाला?"

लेखकाच्या कपाळावर घाम आला. त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "नुसतं 'आई' चालेल?"

यावर पाऊण तास चर्चा झाली. सासूला आई म्हणाली तर आपली माणसं विसरली. स्वतःच्या आईला हाक मारली तर या घरात रुळलीच नाही. मग उच्चाराचा प्रश्न निघाला. बाहेरची भाषा स्वच्छ बोलली तर ती पलीकडची कशावरून, आणि हेल काढून बोलली तर ती टिंगल. वैविध्यबाईंनी सुचवलं की अर्धं वाक्य स्वच्छ आणि अर्धं हेल काढून बोलावं. अध्यक्षांनी यावर विचार करायला दोन मिनिटं मागून घेतली.

तेव्हा तिनं हात वर केला. "मी घरच्या भाषेत बोलू का? एकच वाक्य."

सगळ्यांनी वळून पाहिलं. वैविध्यबाईंना ही कल्पना फार आवडली, इतकी की त्यांनी ती वहीत लिहून घेतली, आणि मग म्हणाल्या की लोक चॅनेल बदलतील. ते तिला अपेक्षितच होतं. वाईट वाटलं ते अध्यक्षांचं. ते चष्मा पुसत म्हणाले, "आणि बोली कोणती घेणार? वरच्या आळीची की खालच्या आळीची? उगाच वाद होतील. राहू दे, पोरी." स्वतः अध्यक्ष खालच्या आळीत वाढलेले होते. तिला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की पुन्हा कोमात जावंसं वाटलं.

शेवटी तोडगा निघाला. ती डोळे उघडेल, ओठ हलवेल, आवाज घ्यायचा नाही. वरून संगीत वाजेल आणि पडद्याच्या तळाशी बाहेरच्या भाषेत अक्षरं उमटतील: हे घर आपलं आहे. आधी तिथे 'माझं' होतं. 'माझं' म्हटल्यावर वैविध्यबाई अस्वस्थ झाल्या, 'तुमचं' म्हटल्यावर अध्यक्ष, म्हणून 'आपलं'.

"पण ओठ कोणत्या शब्दांवर हलवू?" तिनं विचारलं.

"काहीही म्हणा हो," लेखक दमून म्हणाला. "ऐकू थोडंच येणारे?"

घरी ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "हजार भागांनी तुला ओठ मिळाले. अजून हजार झाले की जीभ मिळेल. आईला पंच्याऐंशी वर्षं जगायला सांगते."

ती हसली नाही. ताईनं मग तिच्यापुढे चहाचा कप ठेवला.

हजाराव्या भागाचं चित्रीकरण सुरू झालं. प्रसंग साधा होता. सून डोळे उघडते, ओठ हलवते, सासू हंबरडा फोडून तिच्या अंगावर कोसळते. सासूचं काम करणाऱ्या बाईंना सेटवर आणि सेटबाहेरही आईसाहेब म्हणत. पंचवीस वर्षं त्यांनी या देशातल्या यच्चयावत घरांची सासू म्हणून काढली होती. मुलींना सून म्हणून सासरी पाठवताना लोक म्हणायचे, आईसाहेबांसारखी सासू मिळो. बाई धिप्पाड, स्वभावानं घुम्या. जेवायच्या त्या एकट्या, आपल्या खोलीत, दार लावून. कोमावहिनीशी तीन वर्षांत एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि त्याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं, कारण पलंगाशी कोण बोलतं?

त्यांचं रडणं प्रसिद्ध होतं. त्यांच्या करारातच लिहिलं होतं की रडण्याचा आवाज नंतर वेगळा भरायचा नाही, जागेवरच घ्यायचा, जसा असेल तसा ठेवायचा. म्हणून त्यांच्या पदराच्या आत, गळ्याशी, एक छोटा माईक लावलेला असायचा. तिच्या अंगावर माईक नव्हता. तीन वर्षं नव्हताच.

तिनं एक सुंदर वाक्य तयार केलं होतं. ऐकू जाणार नसलं म्हणून काय झालं. चांगल्या नटीनं ओठसुद्धा खरे हलवावेत. "पलंग आत!" झालं. दिवे लागले. तिनं डोळे उघडले. आईसाहेबांनी हंबरडा फोडला आणि पाऊणशे किलोंचं मातृहृदय तिच्या छातीवर येऊन आदळलं. तिचा श्वासच अडकला. सुंदर वाक्य कुठल्या कुठे गेलं. आणि अठरा वर्षं कमावलेला, तीन वर्षं साठवलेला आवाज जो बाहेर आला तो घरच्या भाषेत आला:

"आई गं! आई, ऐकतेस ना? मी जागी आहे. तीन वर्षं जागीच होते. आई, ही म्हातारी फार जड आहे गं, बरगड्या मोडतील माझ्या!"

आईसाहेबांनी हुंदका तुटू दिला नाही. हुंदक्याच्या आतूनच, तिच्या कानाशी, घरच्या भाषेत, खणखणीत खालच्या आळीच्या बोलीत त्या म्हणाल्या:

"म्हातारी कुणाला म्हणतेस गं, सटवे?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तिला वाटलं आपल्याला भास झाला. पण भास असा शिवी देत नाही. ती शिवी पुस्तकात नव्हती, शिकवून येणारी नव्हती. खालच्या आळीत नळावर उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडून लहानपणी ऐकली असेल तरच ती अशी न विचार करता बाहेर पडते. आईसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. डोळ्यांतलं पाणी आता ग्लिसरीनचं नव्हतं.

"कट!" दिग्दर्शक स्वतःच रडत होता. "आईसाहेब, पंचवीस वर्षांत असं रडला नव्हतात तुम्ही!"

आवाजाचं यंत्र सांभाळणाऱ्यानं कानांवरचे हेडफोनचे गोळे काढले. "साहेब, एक भानगड झालीय. आईसाहेबांच्या माईकमध्ये वहिनींचं बोलणं आलंय. चांगलं ठळक आलंय. आणि रडणं काढल्याशिवाय ते निघत नाही."

"रडणं काढायचं नाही," दिग्दर्शक म्हणाला. "करार आहे."

"मग बोलणं राहील."

"राहू दे की. काय म्हणाली ते कुणाला कळतंय?"

पलंगावर उताणी पडलेली ती मनातल्या मनात नाचत होती. वाक्य जाणार होतं. सुंदर नव्हतं, जरा उर्मट होतं, पण तिच्या आवाजात, घरच्या भाषेत, त्या डब्यातून थेट आईपुढे जाणार होतं. आनंदानं तिला धड उठताही येईना. पलंगदादानं सवयीनं तिला पलंगासकट बाहेर नेलं.

थोड्या वेळानं आईसाहेबांच्या खोलीत तिला बोलावणं आलं. त्यांनी दाराला कडी घातली. बोलल्या त्या बाहेरच्या भाषेत, आणि इतक्या हळू की पडद्यावरच्या आईसाहेब याच का असं वाटावं.

"ऐकलंस तू."

"हो."

"पहिल्या कामाला गेले तेव्हा अर्जात एक रकाना होता. कुठल्या तुम्ही, असा. तेव्हा आपल्या बायकांना चोरटीची कामं मिळायची, दुसरं काही नाही. मी रकाना कोरा ठेवला. त्यांनी त्यांच्या मनानं भरला, आणि मी तो खोडला नाही. बस्स, एवढंच केलं मी." त्या खुर्चीत बसल्या. "आई गेली तेव्हासुद्धा मी बाहेरच्या भाषेत रडले. आजूबाजूला लोक होते. मला वाटलं होतं, विसरले मी सगळं."

"शिव्या राहतात," ती म्हणाली.

आईसाहेब हसल्या, आणि हसता हसता घाबरल्या. त्यांनी तिचा हात धरला. "परत घ्यायला सांग तो शॉट. माझं काही चुकलं असं मी म्हणू शकत नाही, कुणी विश्वास ठेवणार नाही. तू चुकलीस म्हण. परत घेतला की मी तोंड मिटून रडेन, आणि तुझा आवाज... तू ओठच हलव. एवढं कर माझ्यासाठी. लोकांना कळलं तर उद्यापासून मी दुधात विष घालायला लागेन."

पलंगाशी तीन वर्षं न बोललेली ही बाई, आणि आज मागत काय होती, तर नेमकं तेच एक वाक्य. तिला चष्मा लावून गर्दीत पलंग शोधणारी आई आठवली. तिला आईसाहेबांची कीव आली आणि संतापही आला, आणि दोन्हींत कोण वरचढ हे ठरायच्या आत ती दिग्दर्शकापुढे जाऊन उभी होती.

"माझं चुकलं. परत घेऊ या."

"काय चुकलं?"

"ओठ. ओठ जास्त हलले."

"बाई, त्या आईसाहेब असं पुन्हा रडतील का? तुमच्या ओठांसाठी मी तो हुंदका घालवू? जा, पडा जाऊन."

ती बाहेर आली ती सुटल्यासारखी, आणि सुटल्यासारखं वाटलं याची तिला लाज वाटली. मात्र वाक्य अडायला एक दार अजून उघडं होतं. पलीकडच्या भाषेतलं बोलणं प्रक्षेपित करायचं तर समाजाच्या अध्यक्षांचा दाखला लागायचा, की यात आक्षेपार्ह काही नाही आणि खालची अक्षरं बरोबर आहेत. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आपला शिक्का घेऊन आले. खोलीत वैविध्यबाई होत्या, आवाजवाला होता, भिंतीशी ती उभी होती आणि दारात, सहज आल्यासारख्या, आईसाहेब.

अध्यक्षांनी कानांवर गोळे चढवले. एकदा ऐकलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचे ओठ थरथरले, ते हसू दाबताना थरथरतात तसे. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर करून पुन्हा लावायला सांगितलं, डोळे मिटले, आणि शेवटाला आले तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. आईसाहेब जमिनीकडे बघत होत्या.

"धाकटी सून काय म्हणतेय?" वैविध्यबाईंनी पेन सरसावून विचारलं.

"हे घर आपलं आहे," अध्यक्ष म्हणाले.

"एवढं लांब?"

"आमच्या भाषेत आदराचे शब्द फार असतात."

"त्यात बरगडीसारखं काहीतरी ऐकू आलं मला. आपल्या शब्दाशी जुळतं."

"बरगडी म्हणजे आमच्यात घर. जवळचं घर."

वैविध्यबाईंनी ते कौतुकानं लिहून घेतलं. "आणि आईसाहेब? त्यांचंही शेवटी काही बोलणं आहे का? तसं वाटतं."

बोली कोणती, यावरून तिचं वाक्य मोडीत काढणारा हा माणूस. नियमाचा पक्का, शिक्क्याचा पक्का. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"छे. त्या आपल्यातल्या... म्हणजे तुमच्यातल्या. त्या कशा बोलतील? तो हुंदका आहे."

त्यांनी दाखल्यावर शिक्का मारला, इतका जोरात की टेबलावरचा चहा हिंदकळला. जाताना दारात आईसाहेबांपाशी क्षणभर थांबले आणि वयानं मोठे असूनही त्यांना आधी जाऊ दिलं.

हजारावा भाग लागला त्या दिवशी तिला सुट्टी होती. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती अडीच वाजता घरी, आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती. ताई दाराला टेकून उभी होती. आईसाहेबांबद्दल तिनं दोघींपाशी चकार शब्द काढला नव्हता. गल्लीतली घरं भिंतीला भिंत लागून, उन्हाळ्यामुळे खिडक्या सताड उघड्या, आणि प्रत्येक घरात तोच भाग चालू.

पलंग आत आला. आईनं चष्मा नीट केला. पडद्यावर तिनं डोळे उघडले, आईसाहेब कोसळल्या, संगीत भरून आलं, आणि संगीताच्या वर चढून तिचा आवाज आला. खाली अक्षरं उमटली, हे घर आपलं आहे, पण आईला ती अक्षरं वाचता येत नव्हती.

"आई गं! आई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय गं, ऐकतेय," आई डब्याकडे बघून म्हणाली. धाकटी तिच्या गुडघ्याला टेकून बसली होती, तरी ती डब्यालाच म्हणाली, आणि हात पुढे केला तोही डब्याकडे. "मावली की गं. बाई बाई, मावली."

मग जड म्हातारीचं वाक्य आलं आणि गल्ली फुटली. या खिडकीतून, त्या खिडकीतून, वरच्या गच्चीवरून, हसण्याचा असा लोट उठला की खाली सायकलवरून जाणारा पोस्टमन, बाहेरचा माणूस, पाय टेकून उभा राहिला आणि काय झालं म्हणून वर बघायला लागला. ताई दाराला धरून हसत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आणि त्या हसण्यातच तो हुंदका आला, आणि हुंदक्याच्या आतून खालच्या आळीची ती शिवी.

गल्ली गप्प झाली. खिडक्याखिडक्यांतून संगीत तेवढं वाजत राहिलं. ताईनं हसू पुसलं आणि हळूहळू मान वळवून धाकटीकडे पाहिलं. धाकटी आपली नखं बघत बसली. समोरच्या घरातली शेजारीण खिडकीशी आली, तिनं ताईकडे बघितलं, काही विचारायला तोंड उघडलं, खाली उभ्या पोस्टमनला पाहिलं आणि तोंड मिटून खिडकी लावून घेतली. मग तिच्या शेजारची खिडकी लागली, मग त्यापुढची.

आई मात्र दचकली नाही. ती खुर्चीत पुढे सरकली, चष्मा नाकावर दाबला आणि पंचवीस वर्षं साऱ्या देशाची सासू असलेल्या त्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिली.

"ही कुणाची गं मुलगी?" तिनं विचारलं. "इतकी वर्षं घरी कशी आली नाही?"